खटखटी की गंगेरी

विलास, तुझ्या शोकसभेला मी गेले होते. शेवटच्या ओळीत बसले. बऱ्याच जणांनी मला ओळखलं नाही, ज्यांनी ओळखलं त्यांनी ओळख दाखवली नाही, आणि दोन्ही माझ्या सोयीचंच होतं. घटस्फोट घेतलेल्या बाईनं नवऱ्याच्या शोकसभेत कुठं बसावं, याचा रिवाज अमरावतीत अजून पडलेला नाही.

व्यासपीठामागे तुझा फ्लेक्स होता. वर मोठ्या अक्षरांत 'वृक्षमहर्षी', आणि तुझ्या फोटोमागे कुठल्या तरी थंड देशातलं लालभडक पानांचं जंगल, इंटरनेटवरून उचललेलं. पानाची एक शीर चुकीची काढली म्हणून ज्यानं मला अख्खी आकृती पुन्हा काढायला लावली होती, त्या माणसाला या लोकांनी मेपलच्या जंगलात उभं केलं होतं. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

मग भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, सरांनी उजाड माळरानाचं नंदनवन केलं. दुसरे म्हणाले, जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं सरांनी हिरवाई आणली. तिसऱ्यांना तुझं आडनाव दोनदा चुकलं, पण गहिवर बरोबर ठिकाणी आला. व्यासपीठावरचा एकही माणूस त्या माळावर फोटो निघेपर्यंतच्या वेळेपलीकडे थांबलेला नव्हता. बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशवीतलं एक रोप दिलं. कोनोकार्पस. इथल्या एका पाखराला, एका फुलपाखराला ज्याचा उपयोग नाही असं कुठल्या तरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झाड, तुझ्या पवित्र स्मृतीत. मी ते खुर्चीखाली ठेवलं आणि अकोल्याची एसटी पकडली.

उजाड म्हणे. तो माळ उजाड नव्हता, हे मला दाखवलं कुणी? तूच ना?

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची सहल आठवते का? पोहऱ्याच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली ती ई-क्लास जमीन, गावाची गुरं चरायची ती. एप्रिलचं ऊन. आमचे प्राध्यापक तिथल्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली बसून शिकवत होते. मी अकोल्याच्या वकिलाची मुलगी, लॅटिन नावं धडाधड पाठ. एका बिनपानांच्या काटेरी झुडपापुढे उभी राहून मी म्हणाले, "हे वाळलंय."

तू मागून आलास. शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्याचा मुलगा, पायात टायरच्या चपला. नखानं फांदीची साल खरवडलीस. आत हिरवं होतं. "वायलं नाही ते," म्हणालास. "थांबून राह्यलं. नावं पाठ केली म्हंजे वळख झाली असं नसते. तू तुह्या बापाले का नावानं वळखतं?"

एवढं उर्मट माझ्याशी तोवर कोणी बोललं नव्हतं. मी रागानं तुझ्या मागेमागे दिवसभर फिरले. त्याच दिवशी तू मला पाहायला शिकवलंस. पान आधी डोळ्यांनी बघायचंच नाही. उलटं करून गालावर फिरवायचं, लव कशी लागते ते समजून घ्यायचं. मग चुरगाळून वास. मग काटा, तो फांदीचाच टोकदार झालाय की पानाच्या बुडाशी फुटलाय. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. फूल सगळ्यात शेवटी. "फूल पाहून तं कोनीबी सांगते," म्हणायचास. संध्याकाळपर्यंत मला त्या मेलेल्या माळावर पान नावालाही नसलेली, विटेच्या रंगाच्या फुलांनी भरलेली नेपती दिसली. दगडांच्या उतारावर लाल पेटलेली धायटी दिसली. ती सकाळीही तिथंच होती. मला दिसत नव्हती. हे तुझं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. पुढचं सगळं लिहिण्याआधी एवढं मांडून ठेवते.

बाबांनी लग्नाला विरोध केला नाही, फक्त नाक मुरडलं. म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण मले-तुले करतो. कोर्टात उभा राहिला तर न्यायाधीश हसतील. मी ते तुला सांगितलं, तर तू म्हणालास, "मी कायले जाऊ कोर्टात? मी का गुन्हा केला?" पुढे गेलास. माझ्याबरोबरच गेलास.

पण ती मधली वर्षं, विलास. दर रविवारी डबा घेऊन माळावर जायचं आणि जगाला नावं ठेवायची. आपल्या संसारात दुसरी काही चैन नव्हती, तुच्छतेची मात्र रेलचेल होती. अमरावतीचे लोक ट्रॅव्हल्स करून साताऱ्याकडच्या पठारावर फुलं बघायला जायचे आणि येऊन आपल्याला अल्बम दाखवायचे. एसटी स्टँडमागच्या तरवडावर लघवी करणारे हे लोक, असं तू त्यांच्या तोंडावर म्हणायचास. मी चहा ओतत खालमानेनं हसायची. दोघांना मिळून कोणाचा तरी तिटकारा असणं, यात केवढं सुख असतं ते पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

रत्नागिरीची परिषद तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. समुद्राकडचा तो सडा, म्हणजे काळ्या जांभ्या दगडाचं उघडं पठार, उभं राहू न देणारा वारा. एका मोठ्या विद्वानांनी सगळ्यांना गुडघ्याएवढ्या, एका अंगाला झोपलेल्या काटेरी झुडपापाशी थांबवलं आणि सांगितलं, ही किनाऱ्यावरची दुर्मीळ जात. लोक वह्या काढून उतरवून घेऊ लागले. तू खाली बसलास. पानांचा झुबका उलटा करून पाहिलास, काटा पाहिलास, पानांच्या जोडीमधलं ते इवलं पातं पाहिलंस.

"हा गेळा आहे," म्हणालास.

"गेळा माणसापेक्षा उंच वाढतो," विद्वान म्हणाले. "तुमच्याकडे असेल वेगळा."

"आमच्याकडं बी हाच आहे. जनमभर असा वारा झोडपत राह्यला तं तुमी बी वाकसान."

मग वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या बाजूला तुला एक फूल सापडलं, पांढरं, शिळं होऊन पिवळं पडत आलेलं. तू ते त्यांच्या हातात दिलंस आणि चालू लागलास. परतीच्या गाडीत म्हणालास, "तिथं वारा, इथं ऊन. मार खाल्ल्याशिवाय झुडूप होत नाही." त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला, तेवढा मग कशाचाच वाटला नाही. म्हणूनच नंतरचं मला गिळता आलं नाही.

सुरुवात साधी होती. कॉलेजच्या शिबिरात तू मुलांकडून थोडी झाडं लावून घेतलीस. पेपरात फोटो आला. कोणीतरी शाल दिली. पुढच्या वर्षी एका संस्थेनं जीप दिली, मंत्र्यांच्या हस्ते एक खड्डा खणला गेला. तुझ्या टायरच्या चपला गेल्या, खादीचं जाकीट आलं. भाषणात तू शुद्ध बोलू लागलास. 'मला', 'तुला', 'वसुंधरा'. ज्या भाषेवरून बाबांनी नाक मुरडलं तेव्हा तू ताठ उभा होतास, ती तू एका शालीत गुंडाळून ठेवलीस.

आणि मग तू तो माळ गावाकडून मागून घेतलास.

जेसीबी आला त्या सकाळी मी तिथं होते. एका ओळीत नेपती गेली, मग मुरडशेंगेचं बेट गेलं, मग धायटीचा उतार सपाट झाला. बाजूला टेम्पोत गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपं तयार होती. मी तुझ्या जाकिटाचं टोक धरून म्हणाले, "विलास, हे काय करतोयस?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "झुडपाले कोनी हार घालत नाही, सुधे," म्हणालास. "लोकाहिले झाड पाह्यजे. सावली पाह्यजे. खाली बसाले पाह्यजे."

"तुला माहीत आहे तू काय उपटतोयस ते. त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे."

"माह्या एकट्याच्या माहितीनं काय होते?"

माझ्याशी मात्र तू त्या दिवशी जुन्याच भाषेत बोललास, हे मी लक्षात ठेवलं. मूर्ख माणसानं केलं असतं तर मी माफ केलं असतं. मूर्खांना आपण रोजच माफ करतो. पण तू गेळा ओळखणारा माणूस होतास. ज्याला दिसतं त्यानं डोळे मिटून घेणं, याला मला अजूनही सभ्य शब्द सापडलेला नाही.

मी अकोल्याला बदली मागून घेतली आणि परत आले नाही. नातेवाइकांना फार मौज वाटली. झुडपापायी नवरा सोडला, असं माझ्या मावशीनं लग्नाच्या पंगतीत सांगितलं आणि दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र हसून घेतलं. आपल्या दोन घराण्यांचं एकमत झालेला तो एकमेव प्रसंग. दुसरी बाई होती का, मारायचा का, प्यायचा का, असं मला विचारून दमले लोक. यांतलं काही असतं तर त्यांना समजलं असतं.

तुझं नंदनवन मी येता-जाता बसमधून पाहत राहिले. पहिल्या उन्हाळ्यात गुलमोहर गेले. मुरूम होता तो, तुला माहीत नव्हतं? तेवढी माती तरी होती का तिथं? दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपं, तेच पाहुणे, तोच झारी धरून फोटो. खड्डे इतके सरावले होते की नुसते उकरले तरी पुरायचं. मधे एकदा विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेला आपण समोरासमोर आलो. एका विद्यार्थिनीला समोर ठेवलेला तरवड ओळखता आला नाही. मी गुण कापले, तू म्हणालास, "मॅडम, जाऊ द्या." मॅडम. मला पुढचा आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

म्हणून मागच्या फाल्गुनात तुझा फोन आला तेव्हा मी नंबर दोनदा पाहून मग उचलला.

"सुधे," तू म्हणालास, "एक झुडूप आहे. वळखता येऊन नाही राह्यलं."

तुझ्या आजाराचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी एसटीनं आले. स्टँडवर तुझा धाकटा भाऊ गजानन गाडी घेऊन उभा होता. शेंदूरजन्याची बाग मुलांवर सोडून तो तुझ्याकडे येऊन राहिला होता. तू पुढच्या सीटवर बसला होतास. जाकीट तेच होतं, आत माणूस थोडाच उरला होता. मी मागे बसले. कोणी कोणाला कसं आहे विचारलं नाही.

माळावर गेलो. तुझी झाडं म्हणजे काठ्या उभ्या होत्या. आणि त्या काठ्यांच्या मधून, पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या कडेनं, जमिनीतून कोंब आले होते. जेसीबीनं वरचं खरडलं होतं, पण खोलवरची मुळं राहिली होती. नेपती होती. मुरडशेंग होती. तू गजाननाचा हात धरून मला एका कमरेएवढ्या झुडपापाशी नेलंस आणि एक पान तोडून माझ्या हातात दिलंस.

मी ते गालावर फिरवलं. "खटखटी," म्हणाले.

"गंगेरी आहे."

"गंगेरीचं पान एवढं मोठं नसतं, विलास. एवढी लवही नसते."

"मुळातून फुटलेल्या फांदीचं पान खोटं बोलते. विसरली का? फांदी जुनी होऊ दे, मंग पान खरं बोलीन."

"खटखटी आहे."

"पावसात फुलीन. पिवळं आलं तं तुही, पांढरं आलं तं माही."

आपण तिथं बराच वेळ भांडलो. गजानन गाडीला टेकून उभा होता. नंतर त्यानं मला सांगितलं, त्या महिन्यात दादा पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. मला चीड आली होती ती झुडपाची नव्हती. मला कळत होतं, नाव तू मला विचारत नव्हतास. तू मला हे दाखवायला बोलावलं होतंस. आणि मी वाट पाहत होते. एक वाक्य, विलास. चुकलं माझं, एवढं दोन शब्दांचं वाक्य. माझ्यापाशी नको म्हणू, त्या नेपतीपाशी म्हण.

"लोकांना सांग हे," शेवटी मीच म्हणाले. "तुझं ऐकतील."

"काय सांगू?"

"जे दिसतंय ते."

तू पान खिशात टाकलंस. "उगवून राह्यलं ना सारं? मंग झालं तं," म्हणालास आणि गाडीकडे वळलास. स्टँडवर मला सोडताना काच खाली केलीस. मला वाटलं आता. तू म्हणालास, "पानी पेत जा. ऊन लई आहे." बस्स. एवढ्या वर्षांच्या संसाराचा आणि एका अख्ख्या माळाचा निकाल तू पाण्याच्या बाटलीवर लावलास. मी काच चढेपर्यंतही थांबले नाही.

ज्येष्ठात तू गेलास. श्रावणात गजाननाचा फोन आला, फूल आलं म्हणून. मी गेले. पांढरं होतं. पातळ, वाकड्या पाकळ्यांचं, गंगेरीचं. मी चिखलात उकिडवी बसून भिंगानं पुन्हा पुन्हा पाहिलं. पिवळेपणाची एक छटा निघावी म्हणून नवस बोलायचाच बाकी राहिला होता. नाही निघाली. झुडपाबद्दल तू बरोबर होतास, विलास. बाकी सगळ्याबद्दल चूक होतास. तिथं मी रडले, आणि यावेळी पाठीवर हात ठेवायला कोणी आलं नाही, हे चांगलं झालं.

गजाननानं मला फुलासाठीच बोलावलेलं नव्हतं. त्याच दुपारी ग्रामसभा होती. तुला जीप देणाऱ्या त्या संस्थेला माळावर तुझं स्मृतिवन करायचं होतं. सचिव रंगीत आराखडा घेऊन आले होते. जमीन सपाट करून पेव्हर ब्लॉकची पायवाट, मधे तुझा अर्धपुतळा, भोवती कोनोकार्पसच्या रांगा. त्या सचिवांना मी वर्षानुवर्षं ओळखते. झाड आणि खांब यांतला फरक त्यांना विजेच्या बिलावरून कळत असावा. सरपंचबाई आराखडा उलटसुलट करून पाहत होत्या. मी उठून बोलले. नेपतीवर कोणती फुलपाखरं अंडी घालतात, मुळं मुरूम कशी धरतात, आज सकाळी काय फुललंय, सगळं सांगितलं. माझंच मला वर्गात शिकवल्यासारखं वाटत होतं. मागे कोणीतरी जांभई दिली. शेळ्यावाल्या दोघी तेवढ्या मान हलवत होत्या.

सचिव हसून म्हणाले, "मॅडमचा सरांशी जुना घरगुती वाद आहे. तो आपण इथं नको आणूया."

लोक हसले. मी खाली बसले. एवढ्या वर्षांनी मावशीची पंगत पुन्हा भरली होती.

तेव्हा गजानन उठला. तो कधी चार माणसांत बोलत नाही. टोपी काढून हातात धरली. "मी त्याचा भाऊ," म्हणाला. "शेवटी मीच होतो जवळ. दादा मले म्हनला, गजू, माळावर मी जे केलं ते चुकलं. उपटाले नव्हतं पाह्यजे. माह्या नावानं तिथं कोनाले कुदळ मारू देऊ नको."

शेळ्यावाल्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. सरपंचबाईंनी आराखड्याची गुंडाळी केली आणि म्हणाल्या, सरांची शेवटची इच्छाच तशी असेल तर आपण कोण बोलणार. तासाभरात ठरलं की माळ जसा आहे तसा राहील, आणि पुतळ्याला शाळेमागची पडीक जागा बघावी. मी सांगितलेल्या एकाही शब्दानं हे झालं नाही. जिवंत बाईचं शास्त्र जांभईवारी गेलं आणि मेलेल्या माणसाच्या इच्छेनं जेसीबी थांबला. या गावाची आणि या जगाची मला जेवढी कीव करायची तेवढी मी केली. पण मला दुसरंच काही ऐकू येत होतं. तू म्हणाला होतास. मला नाही, पण म्हणाला होतास.

गजाननाच्या गाडीतून स्टँडकडे जाताना बडनेऱ्याच्या फाट्यावर मी विचारलं, "गजानन, कधी म्हणाला तो असं?"

गजानन रस्त्याकडे बघत होता. "नाही म्हनला, वहिनी."

"म्हणजे?"

"दादा असं कदी म्हनला असता का? तुमी तं त्याले माह्यापेक्षा जास्त वळखता." त्यानं गिअर बदलला. "तुमाले हसले ना लोक, मले सहन नाही झालं. म्हनलं, त्याच्या वतीनं मीच म्हनून टाकतो."

आता ग्रामसभेच्या ठरावात तुझी कबुली कायमची लिहिली गेली आहे, सरपंचांच्या सहीशिक्क्यासकट. तुला हे कळलं असतं तर तू गजाननाशी महिनाभर बोलला नसतास. मी त्याला रविवारी अकोल्याला जेवायला बोलावलं आहे.